पुरुष जननसंस्थेच्या स्लाइड्स: सगळं गुलाबी-जांभळंच दिसून राहिलं, ओळखायचं कसं?

काटोलचा पोट्टा

नमस्कार मंडळी. नागपुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात हिस्टॉलॉजीचं (ऊतींच्या अभ्यासाचं) स्पॉटिंग, म्हणजे स्लाइड पाहून ओळखायची परीक्षा, आहे आणि पाच स्लाइड्सनी डोकं खाल्लं आहे: टेस्टिस (वृषण), एपिडिडिमिस (शुक्राणू पिकतात आणि साठतात ती वेटोळी नळी), व्हास डेफरन्स (शुक्राणू पुढे नेणारी नळी), सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट (वीर्यातला द्रव बनवणाऱ्या ग्रंथी). टेस्टिस ओळखू येते, पण नळीच्या आतली पेशी कोणती असं विचारलं की बोंब. व्हास आणि युरेटर (मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी) तर एकच वाटतात.

आमच्या बॅचमध्ये हा चॅप्टर आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, मॅडम भरभर पुढे सरकतात आणि मग कोणीच काही विचारत नाही. व्हायवात (तोंडी परीक्षेत) मात्र हमखास विचारतात म्हणे, "टेस्टोस्टेरॉन नळीच्या आत बनतं की बाहेर?" पुस्तकातलं पान नको, स्लाइड वाचायची कशी ते सांगा.

तर्रीपोहे

शीर्षक वाचून वाटलं होळीचे फोटो टाकले असतील. उघडलं तर हे. बसतो आता मागच्या बाकावर.

धंतोलीची लॅबवाली

आधी मायक्रोस्कोपच्या ४० एक्सवर (४० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) उडी मारू नकोस. सगळी पोरं तेच करतात आणि हरवतात. ४ एक्सवर सुरुवात कर. बाहेरचं जाड गुलाबी कवच म्हणजे ट्युनिका अल्ब्युजिनिया. त्यातून पातळ पडदे आत जातात आणि वृषणाचे साधारण २५० कप्पे पडतात. नागपुरात आहोत म्हणून सांगते, संत्रं आडवं कापल्यावर फोडी दिसतात तसे. प्रत्येक कप्प्यात १ ते ४ नळ्या वेटोळं करून कोंबलेल्या. एक नळी उलगडली तर ३० ते ७० सेंटीमीटर भरते. स्लाइडवर शेकडो गोल दिसतात ते यामुळे, एकच नळी अनेक ठिकाणी कापली गेलेली असते.

आता मोठं करून एका गोलात शिर. तळाशी, भिंतीला चिकटून, गोल केंद्रकाच्या लहान पेशी म्हणजे स्पर्मॅटोगोनिया, शुक्राणूंच्या मूळ पेशी. त्यांच्या आतल्या बाजूला सगळ्यात मोठ्या पेशी असतात, ज्यांच्या केंद्रकात धाग्यांचा गुंता स्पष्ट दिसतो. त्या प्रायमरी स्पर्मॅटोसाइट. त्यांचा पहिल्या विभाजनाआधीचा मुक्काम तीन आठवड्यांहून जास्त असतो, म्हणून प्रत्येक स्लाइडवर त्या भरपूर सापडतात. सेकंडरी शोधत बसू नकोस, त्या लगेच पुढच्या विभाजनात जातात, क्वचितच दिसतात. पोकळीजवळ लहान गोल स्पर्मॅटिड, आणि अगदी आत शुक्राणूंची गडद, टोकदार डोकी.

सर्टोली पेशी, म्हणजे या वाढणाऱ्या पेशींना सांभाळणारी पेशी, शोधायची तर पेशी शोधू नकोस, तिचं केंद्रक शोध. पेशी तळापासून पोकळीपर्यंत उभी पसरलेली असते, पण तिच्या कडा साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत. केंद्रक मात्र फिकट, लांबट किंवा तिकोनी, कधी दुमडलेलं, आणि मधोमध ठळक ठिपका, न्यूक्लिओलस. एकदा डोळ्यात बसलं की चुकत नाही.

व्हायवाचं उत्तर: बाहेर. दोन नळ्यांच्या मधल्या जागेत, रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला गुलाबी पोटाच्या, गोल केंद्रकाच्या पेशींचे घोळके असतात. त्या लायडिग पेशी. टेस्टोस्टेरॉन तिथं बनतं, शुक्राणू नळीच्या आत. एकाच वृषणात दोन वेगळ्या खोल्या. परीक्षेसाठी एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंस तरी चालेल.

खामलाकर

ताई, आता संत्रं सोलताना हात थरथरेल माझा.

तर्रीपोहे

खामलाकर, तुम्ही संत्राबर्फी खात जा. त्यात फोडी नसतात.

निवृत्त मास्तर

लॅबवाल्या ताईंनी छान सांगितलं, पण एका गोष्टीत माझं वेगळं मत आहे. त्यांनी थर खालून वर असे रांगेत सांगितले. विद्यार्थी तेच चित्र डोक्यात घेऊन बसतो, आणि मग माणसाच्या स्लाइडवर तसं दिसलं नाही की घाबरतो. उंदराच्या नळीचा आडवा छेद घेतला तर बहुतेक वेळा पूर्ण गोलात शुक्राणू घडण्याची एकच अवस्था दिसते. मोठ्या उंदरात (रॅटमध्ये) अशा १४ अवस्था मोजल्या आहेत. माणसात ६ आहेत, पण एकाच गोलात दोन-तीन अवस्था शेजारी शेजारी ठिगळांसारख्या असतात. त्यामुळे गोलाच्या एका बाजूला टोकदार डोकी भरपूर आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही, हे अगदी नॉर्मल आहे. पुस्तकात सगळ्या पिढ्या एका पाचरीत काढलेल्या असतात, ती सोय असते.

दुसरं म्हणजे काही स्लाइड्समध्ये नळ्या आक्रसलेल्या, भिंतीपासून सुटलेल्या दिसतात. तो रोग नसतो, फॉर्मॅलिनचा (तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रावणाचा) प्रताप असतो. वृषणाचा तुकडा बुइनच्या द्रावणात ठेवायचा असतो. त्यात पिक्रिक अॅसिड, फॉर्मॅल्डिहाइड आणि अॅसेटिक अॅसिड असतं. केंद्रकं सुरेख राहतात. बोटं मात्र पिवळी होतात आणि लग्नसराईत लोक विचारतात, हळद तुम्हाला का लागली?

धंतोलीची लॅबवाली

मास्तर, ठिगळांचं एकदम मान्य. बुइनचं म्हणाल तर आमच्याकडे दहातले बहुतेक तुकडे फॉर्मॅलिनमध्येच येतात. फोन करून आधी सांगितलं तरी. मग आम्ही रिपोर्टात लिहितो, "मर्यादित मूल्यमापन", आणि पेशंट आमच्यावर चिडतो.

वऱ्हाडी ठेचा

हे सगळं ठीक आहे पण मुद्द्याचं कोणी बोलून नाही राहिलं. नागपूरचा मे महिना. ४५-४६ डिग्री. बाहेर डांबर वितळून राहिलं, आत या नाजूक पेशी. विदर्भातल्या पोट्ट्यांचं काय होत असन? मी तर म्हणतो कूलरसमोरच बसून राहावं.

धंतोलीची लॅबवाली

ठेचा भाऊ, शुक्राणू बनायला शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ डिग्री कमी लागतात, हे खरं. म्हणून वृषण पोटाबाहेर लटकतं. वृषणाकडे येणाऱ्या धमनीभोवती शिरांचं जाळं असतं, पँपिनिफॉर्म प्लेक्सस. परत जाणारं थंड रक्त येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेतं. शिवाय गरम झालं की पिशवीचे स्नायू सैल होतात, वृषण खाली सरकतं, घाम येतो. त्यामुळे बाहेर ४५ म्हणजे आतही ४५, असा हिशेब नाही.

काळजी करायची ती सतत मांड्यांमध्ये कोंडलेल्या उष्णतेची. भट्टीसमोर काम, तासन् तास मांडीवर लॅपटॉप, फार गरम पाण्यात रोज बसणं. आणि ताप. दोन-चार दिवस जोरात ताप आला तर त्याचा परिणाम पुढे दोन-तीन महिने दिसू शकतो, कारण एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यानंतर एपिडिडिमिसमधला प्रवास वेगळा. आजचा रिपोर्ट म्हणजे अडीच-तीन महिन्यांपूर्वीची परिस्थिती. डेंगूतून उठल्या उठल्या तपासणी करून रडत बसू नये.

वऱ्हाडी ठेचा

हाव, समजलं. पण कूलर नाही सोडत मी.

४५ डिग्री (अनामिक)

इथं लिहू की नको असं बराच वेळ चाललं होतं. पोट्ट्याचा व्हायवाचा प्रश्न वाचला आणि लिहितोय.

लग्नानंतर मूल होत नव्हतं. सगळ्या तपासण्या बायकोच्या झाल्या. ट्यूब तपासली, हॉर्मोन तपासले, उपास झाले, आदासा झालं, रामटेक झालं. माझी एक साधी वीर्यतपासणी करायची कोणालाच सुचली नाही, मलाही नाही. शेवटी एका नव्या डॉक्टरनं आधी माझीच चिठ्ठी लिहिली. रिपोर्टात शुक्राणू शून्य. पुन्हा केली, शून्य. मग बायोप्सी. त्यात लिहून आलं की नळ्यांमध्ये फक्त सर्टोली पेशी आहेत, जननपेशी दिसत नाहीत, लायडिग पेशी आहेत.

मी ते वाचून आरशासमोर उभा राहिलो. दाढी आहे, आवाज आहे, बाकी सगळं आहे. मग हा कागद काय म्हणतोय? ज्या हॉस्पिटलात बायोप्सी झाली तिथं कागद हातात देऊन "आता दत्तकाचा विचार करा" एवढंच सांगितलं. दोन खोल्यांचं गणित मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री झोप लागली असती.

इतवारीवाली काकू

बापू, बरं केलं लिहिलं. माझ्या बहिणीच्या सुनेला घरातल्या बायांनी काय काय ऐकवलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कोणाच्या ओटभरणीला बोलवत नव्हते. आणि पोट्ट्याची तपासणी? "आमच्या खानदानात असं नसते." शेवटी त्याचीच निघाली. मग सगळ्या घराचं तोंड शिवल्यासारखं झालं, पण तिची माफी कोणी मागितली नाही.

ही तपासणी सोपी आणि स्वस्त आहे ना हो, लॅबवाल्या ताई?

धंतोलीची लॅबवाली

हो काकू. एका भांड्यात नमुना द्यायचा, बस. आधी २ ते ७ दिवस संबंध नको आणि नमुना तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा. २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू अशी दिली आहे. त्याच्या खाली म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, पण डॉक्टरकडे जायला कारण आहे. सुईसुद्धा टोचत नाही यात. बाईच्या तपासण्या त्रासाच्या आणि खर्चाच्या असतात, तरी सुरुवात तिच्यापासून होते.

४५ डिग्री, तुमच्या रिपोर्टला सर्टोली-सेल-ओन्ली म्हणतात. नळीत फक्त सांभाळणाऱ्या पेशी उरल्या आहेत, वाढणाऱ्या नाहीत. बाहेरच्या लायडिग पेशी आपलं काम करत आहेत. दाढी, आवाज, इच्छा, ताकद हे लायडिगकडून रक्तात जातं. शून्य शुक्राणू आणि मर्दानगी यांचा संबंध लोकांनी जोडला आहे, स्लाइडवर तो दिसत नाही.

जिमवाला दादा

मॅडम, मग उलटंही होतं का? आमच्या जिममध्ये एक पोट्टा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेते. दंड पाहा तर खांब. लग्न झालं, आता म्हणते काउंट शून्य आला. तो म्हणे मशीन खराब असन.

धंतोलीची लॅबवाली

मशीन ठीक आहे, दादा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, आणि तो वृषणाला चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही हॉर्मोन्स बंद करतो. एलएच बंद म्हणून लायडिग पेशी थांबतात. रक्तात हॉर्मोन भरपूर, पण वृषणाच्या आत कमी. नळ्यांना मात्र रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन जागेवरच लागतं. ते मिळालं नाही की आतलं उत्पादन बंद पडतं आणि वृषण आकसतं. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण महिने लागतात. त्याला यूरॉलॉजिस्टकडे पाठवा, जिमच्या ट्रेनरकडे नाही.

जिमवाला दादा

ट्रेनर मीच आहे न मॅडम. इंजेक्शनं मी नाही देत. पाठवतो.

तर्रीपोहे

म्हणजे दंड फुगला आणि दुसरं काही आकसलं. जिमच्या बाहेर बोर्ड लावा.

जुना आरोग्यसेवक

ग्रामीण भागात पुरुष नसबंदीसाठी लोकांना समजावण्यात नोकरी गेली. "ताकद जाते" हे एकच वाक्य ऐकून कान किटले. मला तेव्हा ही स्लाइड दाखवता आली असती तर बरं झालं असतं. नसबंदीत फक्त व्हास कापतात आणि बांधतात. शुक्राणू बनतच राहतात, शरीर ते जागच्या जागी मोडून शोषून घेतं. लायडिग पेशींचं हॉर्मोन व्हासमधून जातच नाही, थेट रक्तात जातं. वीर्यही जवळजवळ तेवढंच राहतं, कारण त्यातला मोठा भाग सेमिनल व्हेसिकलचा आणि मग प्रोस्टेटचा.

चीनच्या ली शुनच्यांग यांनी १९७४ साली काढलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. तरी गावात बाईच्या ऑपरेशनला रांग आणि पुरुषाच्या खुर्चीवर माशा. एक सांगायचं राहिलं, ऑपरेशननंतर तीन महिने साधन वापरायचं आणि वीर्य तपासून शून्य आल्यावरच सोडायचं. पुढे आधीचे शुक्राणू उरलेले असतात. हे न पाळल्यामुळे घरोघरी भांडणं झालेली पाहिली आहेत.

महालातला विनू

आमच्या वाड्यात एकानं नसबंदीनंतर म्हैस वळायला जायचं सोडलं होतं. म्हणे जोर गेला. म्हशीनं मात्र काही फरक मानला नाही.

निवृत्त मास्तर

आरोग्यसेवक साहेब, व्हासचा विषय काढलात म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर पोट्टा नापास व्हायचा.

व्हास आणि युरेटर: दोन्हींची पोकळी ताऱ्यासारखी, म्हणून गोंधळ. व्हासमध्ये स्नायूंचे तीन जाडजूड थर असतात, आत उभा, मधे आडवा, बाहेर पुन्हा उभा, आणि पोकळी त्या मानानं अगदी लहान. इतकी जाड भिंत की पिशवीतून बोटानं चाचपली तर दोरीच्या गाठीएवढी टणक लागते. युरेटरचे स्नायू सैल विखुरलेले. पण खरा निकाल अस्तरावर. युरेटरमध्ये ट्रान्झिशनल एपिथेलियम (ताणलं की पसरणारं अस्तर), वरच्या पेशी फुगीर घुमटाच्या. व्हासमध्ये उंच स्यूडोस्ट्रॅटिफाइड (दिसायला अनेक थरांचं, पण खरं एकाच थराचं), वर लांब स्टिरिओसिलिया.

एपिडिडिमिसमध्येही तेच उंच अस्तर आणि तेच स्टिरिओसिलिया. ते न हलणारे लांब मायक्रोव्हिलाय (पेशीवरचे बोटांसारखे बारीक उंचवटे) असतात, शोषणासाठी. फरक असा की एपिडिडिमिसच्या स्लाइडवर खूप छेद, पोकळी गोल आणि गुळगुळीत, आत शुक्राणूंचा गठ्ठा. ही सगळी एकच नळी आहे, सुमारे ६ मीटर. वृषणातून बाहेर पडणाऱ्या इफरंट नळ्यांची पोकळी मात्र वरखाली, कारण सिलिया (हलणारे बारीक केस) असलेल्या उंच पेशी आणि बुटक्या पेशी आलटून पालटून. स्पॉटिंगला त्या शेजारीच येतात, फसू नकोस.

धंतोलीची लॅबवाली

प्रोस्टेट माझ्याकडे. ग्रंथींच्या मधे गुलाबी स्नायू आणि तंतू भरपूर, ग्रंथीचं अस्तर दुहेरी. आणि मधूनमधून पोकळीत वर्तुळाकार थरांचे गुलाबी खडे, कॉर्पोरा अमायलेसिया. वय वाढतं तसे ते वाढतात. एकदा ते दिसले की बिनधास्त प्रोस्टेट लिही. सेमिनल व्हेसिकलमध्ये ते नसतात. तिथं अस्तराच्या पातळ घड्या एकमेकींना चिकटून छोट्या छोट्या खोल्या करतात, आणि बाहेर स्नायूंची भिंत. ही ग्रंथी फ्रुक्टोज बनवते. म्हणून शून्य काउंट आला की आम्ही फ्रुक्टोज बघतो. तेही शून्य असेल तर सेमिनल व्हेसिकल जन्मतः नसण्याची किंवा वाट अडल्याची शंका, म्हणजे वृषणात उत्पादन चालू असू शकतं. ४५ डिग्री, तुमच्या बाबतीत ते पाहिलं असेलच.

काटोलचा पोट्टा

बाप्पा! एवढं वर्गात सहा महिन्यांत नाही मिळालं. आणखी एक. ब्लड-टेस्टिस बॅरियर (रक्त आणि नळीच्या आतल्या पेशी यांच्यातला अडसर) नेमका कुठं असतो? आणि कायले पाहिजे?

निवृत्त मास्तर

शेजारच्या सर्टोली पेशी तळाशी घट्ट जोडलेल्या असतात, टाइट जंक्शननी. त्या जोडाच्या खाली स्पर्मॅटोगोनिया, त्यांना रक्तातलं सगळं पोचतं. जोडाच्या वर स्पर्मॅटोसाइट आणि पुढच्या पेशी. शरीराची संरक्षण यंत्रणा आपलं-परकं लहानपणी शिकते आणि अशा पेशी तारुण्यात पहिल्यांदा उगवतात, म्हणून तिच्या लेखी त्या परक्या. त्यांना आड ठेवावं लागतं. मार लागून किंवा ऑपरेशननंतर हा अडसर तुटला तर शुक्राणूंविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात.

गंमत म्हणून सांगतो. लायडिग यांनी आपल्या पेशींचं वर्णन १८५० साली केलं आणि सर्टोली यांनी १८६५ साली, तेव्हा ते जेमतेम २३ वर्षांचे होते. काय काम करतात हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. दोघांनी फक्त नीट पाहिलं होतं.

मेडिकल चौकातली आई

विषयांतर आहे पण लिहिते. मुलांच्या आयांनो, मुलगा अचानक खाली दुखतंय म्हणाला, उलटी झाली, तर सकाळपर्यंत थांबू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि सुमारे सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. आमचा लेक लाजून रात्रभर बोलला नव्हता. पुढचं लिहीत नाही.

खामलाकर

ताई, हे विषयांतर नाही. हेच पहिल्या पानावर असायला पाहिजे.

४५ डिग्री (अनामिक)

लॅबवाल्या ताई, फ्रुक्टोज होतं. एफएसएच वाढलेलं होतं. आता नवीन डॉक्टर मायक्रो-टीसी (micro-TESE) करू म्हणून राहिले. बायोप्सीत काहीच नव्हतं तर पुन्हा चिरून काय सापडणार?

धंतोलीची लॅबवाली

मास्तरांनी ठिगळांचं सांगितलं ते आठवा. बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि नळ्या शेकडो मीटर. एखाद्या कोपऱ्यात चार नळ्या चालू असतील तर तुकड्यात येतीलच असं नाही. मायक्रो-टीसीमध्ये ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपखाली वृषण उघडतात आणि त्यातल्या त्यात जाड, पांढुरक्या, भरलेल्या नळ्या निवडून काढतात. शुक्राणू सापडले तर इक्सी, म्हणजे एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. नाही सापडलं असंही होतं, खोटी आशा दाखवणार नाही.

पण त्याआधी दोन रक्ताच्या तपासण्या झाल्या का ते विचारा: कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची पाहणी) आणि वाय क्रोमोसोमची मायक्रोडिलीशन (त्याचा बारीक तुकडा गळाला आहे का ते). वाय क्रोमोसोमचा एझेडएफ-ए किंवा बी हा भाग पूर्ण गेलेला असेल तर शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळपास नाही, चिरणं टाळता येतं. सी गेलेला असेल तर बऱ्याचदा मिळतात, मात्र मुलगा झाला तर त्याच्याकडेही तोच दोष जाणार, हे आधी समजून घ्यावं लागतं.

४५ डिग्री (अनामिक)

कॅरिओटाइप झालं, नॉर्मल आहे. वायचं केलेलं नाही. सोमवारची वेळ आहे, विचारतो.

इतवारीवाली काकू

बापू, सूनबाईला सोबत घेऊन जा. आणि जे सांगतील ते तिला लिहून घेऊ दे, तुम्ही पुरुष अर्धं गाडीतच विसरता.